कठड्यावरची माणसं

भगवानराव युरोप बघून आले आणि येताना मान आखडून घेऊन आले. लोक तिकडून चॉकलेट आणतात, घड्याळ आणतात, ह्यांनी हे आणलं. गळ्याला पट्टा बांधून ते औशाच्या रस्त्यावरच्या आपल्या मंगल कार्यालयात बसायचे आणि येईल त्याच्या नाकासमोर मोबाईल धरायचे. फोटो सगळे चर्चच्या छतांचे. बायको सोबत गेली होती, पण ती बिचारी एकाही फोटोत नव्हती.

"ह्ये बघ," ते व्यंकटला म्हणाले, "ह्ये छत हाय, पण न्हाई. खांब वर चाललेत ते चाललेत, अन् त्येच्या पुढं आभाळच उघडलंय. ढगावर माणसं बसलीत, पाय आपल्या डोक्यावर लोंबायलेत. मी दोनदा बाजूला सरकलो. म्हणलं, कुणाचा जोडा पडंल."

व्यंकट पेंटर. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम बसलं, तेव्हापासून शाळांच्या भिंतींवर फळं, पक्षी आणि नकाशे, आणि गणपतीत मंडळांचे मागचे पडदे. पडद्यावर महाल उभा करायचा हात त्याला होता. त्यानं फोटो दोन बोटांनी मोठा केला. कठड्याला रेलून काही माणसं खाली बघत होती, आणि त्यांच्या पाठीमागं निळं, खोल आभाळ होतं. 

"सपाट स्लॅबवर जमंल का?" भगवानरावांनी विचारलं.

"जमंल. पण त्या छताखालचं पहिलं लगीन माझ्या ऋतुजाचं."

"येवढंच? दिलं म्हण."

येवढंच, म्हणे. भगवानरावांना काय ठाऊक, ह्या माणसाच्या डोक्यात काय शिजतंय ते.

व्यंकटची आई केवळाबाई त्र्याण्णव सालापासून छताखाली गेलेली नव्हती. आता आमच्याकडं त्र्याण्णव साल म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, तरी सांगतो. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. घरं दगडमातीची, वर माळवद. लाकडावर हात हात भर पांढऱ्या मातीचा थर, उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, म्हणून पिढ्यान्पिढ्या कौतुक केलेलं. उन्हाळ्यात तर अख्खं गाव अंथरुणं घेऊन माळवदावरच निजायचं. ते सगळं खाली आलं. व्यंकट शाळकरी पोर, गणपतीच्या मांडवातच पेंगून पडला होता, म्हणून वाचला. केवळाबाईला दुसऱ्या दिवशी मिलिटरीच्या पोरांनी काढलं. नवरा गेला, दीर गेले, जावा गेल्या. आणि राजकन्या गेली.

राजकन्या, म्हणजे राजी, व्यंकटची थोरली बहीण. तुळशीची लग्नं झाली की तिचं लग्न लागायचं होतं. अक्षतांसाठी ज्वारी पाखडून, निवडून गाडग्यात बाजूला ठेवलेली होती. केवळाबाई मातीखाली दबली होती तेव्हा पलीकडच्या खोलीतून राजीची हाक येत होती, दुपारपर्यंत. मग आली नाही. हे केवळाबाईनं जन्मात एकदा सांगितलं, सून घरात आली त्या दिवशी दीपमालाला, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

सरकारनं नवं गाव वसवलं, पक्की घरं दिली. केवळाबाई त्या घरात एक रात्र निजली असेल तर शपथ. अंगणात लिंबाखाली तिची बाज, पावसात वर प्लास्टिकचा कागद, चूलही बाहेरच. एसटीत मात्र बसायची; चालती वस्तू पडत न्हाई म्हणायची. कुणाच्या लग्नाला गेली तर कार्यालयाबाहेर चपला राखणाऱ्यासारखी झाडाखाली बसून राहायची. कुणी फार मागं लागलं तर म्हणायची, "छतावर माणसं असत्यात बाबा. खालच्याला दिसत न्हाईत, येवढंच."

आणि ऋतुजा म्हणजे ह्याच आजीच्या कुशीत, त्याच बाजेवर वाढलेली. हट्टाला आजीच्याही वरताण. मुलाकडचे नांदेडचे, त्यांना हॉलशिवाय चालणार नव्हतं, हे कळल्यावर तिनं बापाला सरळ सांगितलं, "बघा पप्पा. आजीच्या हातच्या अक्षता डोक्यावर पडल्याबिगर मी माळ घालणार न्हाई. मग नांदेडकर ऱ्हाऊ देत उभे." ही पोर बोलली की करते, हे व्यंकटला पक्कं माहीत होतं. आता आईला छताखाली कसं आणावं ह्याच घोरात तो होता, आणि तेवढ्यात भगवानरावांनी मोबाईल पुढं धरला होता. छत आहे हे दिसलंच नाही तर आई भिणार कशाला? त्याचा सगळा हिशेब एवढाच, आणि मला विचाराल तर त्यात वावगं काही नव्हतं.

तो मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकला. रोममध्ये एका चर्चचा घुमट बांधायचा राहून गेला होता. तेव्हा चित्रं काढणाऱ्या एका पाद्र्यानं सपाट कापडावर काळोखा, खोल घुमट रंगवून वर ताणून दिला, आणि लोकांनी उभं कुठं राहायचं ते कळावं म्हणून फरशीत एक गोल दगड बसवला. दगडावर उभं राहिलं की घुमट खरा. चार पावलं सरकलं की सगळं एका अंगाला कलतं. म्हणजे ह्या कामात सुरुवात छतापासून नाहीच, बघणाऱ्याच्या डोळ्यापासून. डोळा कुठं आहे ते आधी ठरवायचं, तिथून सुतळ्या ताणायच्या, त्या जिथं छताला टेकतील तिथं रेघ.

हॉलच्या मधोमध, बोहल्यासमोर, व्यंकटनं फरशीत काळा दगड बसवला. त्यावर बांबू उभा केला आणि बांबूला खिळा ठोकायची वेळ आली तेव्हा तो थांबला. खिळा म्हणजे डोळा. कुणाचा? आई वयानं वाकलेली, तिचे डोळे त्याच्या छातीला लागायचे. त्यानं तिथंच खिळा ठोकला.

"माझ्या उंचीचा धरलास न्हवं?" भगवानरावांनी पट्ट्यातून विचारलं. "मालक मी हाय."

"तुमच्याच," व्यंकट म्हणाला.

मग तो परांचीवर चढला. महिनोन् महिने उताणा पडून काम. रंग डोळ्यात, दाढीत, चहात. स्लॅबखाली हळूहळू चार भिंती आणखी वर चढल्या, खांब उगवले, कमानी वळल्या, त्यावर गोल कठडा आला आणि कठड्याच्या आत आभाळ उघडलं. भगवानरावांनी ताकीद दिली होती, "ती पंखाची उघडी पोरं नकोत हां. लग्नाचं कार्यालय हाय. आपली माणसं काढ, फेटेवाली." म्हणून कठड्याला रेलून खाली बघणारी आपली माणसं आली. फेटे, नऊवारी, डोक्यावर पदर, एखादी कडेवर तान्हं घेतलेली. तोंडं त्यानं मनानंच काढली. जवळून बघावं तर तोंडं कसली, ताणलेल्या पिठासारखी लांबडी, कुठं नाक कुठं कान. ती खालूनच सरळ व्हायची होती.

एक जागा त्यानं मुद्दाम मोकळी ठेवली, कठड्याच्या पूर्व अंगाला. ती राजीची. फोटो एकही उरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर बहिणीचा चेहरा त्याला आठवत नव्हता. ह्याची त्याला लाज वाटायची, कुणाला बोलला नव्हता. आठवत होता तो नुसता एक हात. लातूरच्या बाजाराला जाताना औशाच्या स्टँडवर एसटी लागली, की राजी सगळ्यांच्या आधी धावायची आणि खिडकीतून लाल काठाची दस्ती, म्हणजे हातरुमाल, आत टाकून जागा धरायची. आई एकटी असली की दस्तीची घडी. व्यंकट सोबत असला की दस्ती पूर्ण पसरून, दोघांची जागा. स्वतः बिचारी दांडा धरून उभी. त्या हातातली हिरवी काकणं व्यंकटला लख्ख आठवायची. हातावरून चेहरा काढता येत नाही. जागा तशीच राहिली, निळी.

परांची उतरवली त्या दिवशी दुपारी विठाबाई झाडायला आली. विठाबाई कार्यालयातली जुनी बाई, कमरेत वाकून खराट्यानं झाडणारी. काळ्या दगडापाशी आली, कंबर दुखली म्हणून तशीच वाकलेली मान तिनं वर वळवली, आणि खराटा तिथंच टाकून बाहेर निघून गेली. व्यंकट मागं गेला.

"काय झालं मावशी?"

"ती बघायलेत."

"चित्रंच हायत की. बघायलाच काढलीत."

"चित्र बघतंय तसं न्हाई," विठाबाई म्हणाली. "घरच्यावानी बघायलेत. कोण आलं, कोण गेलं. मी उद्याच्याला झाडते."

व्यंकट हसला. आत जाऊन दगडावर उभा राहिला. त्याच्या उंचीवरून घुमट जरासा मागं झुकलेला होता, माणसं अनोळखी होती, बरी होती. वाकून बघावं असं मनात आलं, पण तो वाकला नाही. का नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून एक गंमत सुरू झाली. गंमत म्हणायची आपली. रोज सकाळी फरशीवर पांढरी भुकटी सांडलेली असायची, मोकळ्या जागेच्या बरोबर खाली, बोहल्यापाशी. "पुट्टी झडायली बघ तुझी," भगवानराव करवादले. व्यंकटनं शिडी लावून वर हात फिरवला. पुट्टी गुळगुळीत, घट्ट होती. खाली उतरून त्यानं भुकटी बोटावर घेतली, चोळली. पुट्टीला वास नसतो. हिला होता. पहिल्या घराच्या कोनाड्याला, माळवदाखालच्या अंधाराला यायचा तसा. त्यानं हात धुतले, आणि निळ्यावर एक जाडजूड पांढरा ढग काढून ती जागा बुजवून टाकली. सकाळी ढग सोलून फरशीवर पडला होता, पापडासारखा. वरची जागा पुन्हा निळी. त्यानं पुन्हा काही तिला हात लावला नाही.

लग्न तोंडावर आलं तसा तो एका सकाळी आईला घेऊन आला. "वर उघडं हाय, आई," एवढंच सांगितलं. केवळाबाई उंबऱ्याबाहेर बराच वेळ उभी राहिली. आत वाकून बघितलं, डोळ्यावर हात धरून. मग तिनं चप्पल काढली आणि देवळात शिरतात तशी आत आली. व्यंकटचा जीव टांगणीला लागला होता. तिच्या दंडाला धरून त्यानं तिला दगडावर उभं केलं. "आता बघ."

केवळाबाईनं वर बघितलं.

ती ओरडली नाही, पळाली नाही.  चेहरा सैल झाला. मग तिनं बोट वर केलं आणि शेजारणीला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "अगं नागाबाई, फेडलं का पोराचं जावळ?"

"आई?"

"कडेवरचं नागाबाईचं पोरगं. जावळ राहिलंवतं त्येचं." बोट पुढं सरकलं. "ह्ये बजरंग भावजी. ह्यो संगप्पा, आडत्याचा. त्येच्या मागं बघ, तुझे बापू. फेटा येडाबिद्रा बांधलाय, नेहमीसारखा. सगळी एका जागी हायत की रं. मला वाटलं पांगली."

 ही माणसं व्यंकटनं मनानं काढली होती. नागाबाई त्याला आठवतही नव्हती. बापूंचा फेटा कसा असायचा, कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यानं वर बघितलं. त्याला दिसली ती अनोळखी, रंगवलेली तोंडं. वाकायचं धाडस झालं नाही, आपण खोटं कशाला बोला.

केवळाबाईचं बोट सगळ्या कठड्यावरून फिरून मोकळ्या जागेपाशी थांबलं.

"हितं कोण?"

"राजी," तो म्हणाला. "मला तिचं तोंड आठवत न्हाई, आई. म्हणून काढली न्हाई." आणि एवढा मोठा बाप्या माणूस, त्याचे डोळे भरून आले.

आईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. ती त्या निळ्या जागेकडं बघत होती. "सगळी वर गेली," ती हळूच म्हणाली. "ती न्हाई गेली. म्हंजे ती अजून खालीच हाय. मातीतच." मग तिनं फरशीवर बघितलं. दोन पावलांवर, बोहल्यापाशी, पांढरी भुकटी पडली होती. तिनं ती चिमटीत घेतली, हुंगली आणि पदराला पुसली.

"लग्नाला येते मी," ती म्हणाली. "ती बी यील. लगीन राहिलंय तिचं."

आता बघा. ज्या गोष्टीसाठी व्यंकटनं एवढा आटापिटा केला, ती झाली. आई आत आली, लग्नाला येते म्हणाली. आणि हा माणूस घरी जाऊन जेवला नाही. ज्या पोरीचं लग्न राहिलं ती दुसरीच्या लग्नाला येते ती कशासाठी येते, ह्यावर आमच्याकडच्या बाया दबक्या आवाजात काय काय बोलतात, ते त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. नवरीला आपल्यासोबत न्यायला. ऋतुजा तिच्याच रक्ताची. ऋतुजाच्या डोक्यावर अक्षता पडायच्या त्या बोहल्याच्या बरोबर वर ती निळी जागा आपणच हातानं सोडली, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो सुन्न झाला. कार्यालय बदलावं म्हणून दीपमालाशी बोलला. ती म्हणाली, "पत्रिका वाटून झाल्या. अन् आत्याबाई येतो म्हणल्या ना? मग आता काय खुळ काढलंत?"

केवळाबाई मात्र कामाला लागली. अंगणात सूप घेऊन बसली, ज्वारी पाखडली, एकेक दाणा निवडला, हळदकुंकवात घोळून उन्हात वाळवली. कार्यालयात दाण्याच्या अक्षता चालत नव्हत्या. फरशीवर माणसं घसरतात म्हणून भगवानराव फुलांच्या पाकळ्याच द्यायचे. त्यांच्या कानावर हे घातलं तर म्हणाले, "म्हातारीची मूठभर चालंल. घसरलं तर मी घसरंन."

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. नांदेडचे पाहुणे वेळेवर आले, हेच मोठं नवल. हॉल भरला. लोक वर बघत होते, मोबाईल वर करत होते, आणि भगवानराव पट्टा काढून, मान वर करून, जणू ते आभाळ त्यांनीच पाडलंय अशा थाटात हिंडत होते. पश्चिमेच्या खिडक्यांतून उजेड लाल होऊन आला आणि वरचे ढग खरोखर पेटल्यासारखे दिसायला लागले. खांब अजून उंच झाले. छत कुठं संपतंय ते कळेना.

केवळाबाई काळ्या दगडावर उभी होती, पदराच्या गाठीत अक्षता. तिला जागा मिळावी म्हणून दीपमालानं आजूबाजूच्या बायांना सरकवलं होतं. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक सावधानाला पाकळ्या उडत होत्या, आणि व्यंकटची नजर वर-खाली, वर-खाली. आईची मान वर. हात गाठीवर. ती टाकत नव्हती.

शेवटचं मंगलाष्टक झालं. अंतरपाट दूर झाला. वाजंत्री वाजायला लागली. नवऱ्या मुलानं मान पुढं केली, आणि ऋतुजा माळ हातात धरून तशीच उभी राहिली, आजीकडं बघत. आधी लोक हसले. मग कुजबुज सुरू झाली. नांदेडकडची एक बाई म्हणाली, "पोरीच्या मनात नाही का काय?" गुरुजी खाकरले. वाजंत्र्यांनी आपणहून आवाज उतरवला. दीपमालाचं तोंड पांढरंफटक पडलं. ऋतुजा हलेना.

व्यंकट गर्दीतून आईपाशी गेला. "आई, टाक की गं. पोर थांबलीय."

"माझ्यापाशी कुठं हायत," केवळाबाई वरची नजर न काढता म्हणाली. "राजीनं नेल्या."

त्यानं तिच्या पदराची गाठ सोडली. घट्ट होती, सुटता सुटेना. आत एक दाणा नव्हता. कापडाला नुसता हळदीचा ओला डाग, आणि पांढरी माती.

तेव्हा पहिला दाणा पडला. ऋतुजाच्या मुंडावळीवर पडून टण्णकन उडाला. मग दुसरा. मग चार-पाच. मग ज्वारी सरीसारखी पडायला लागली, हळदीनं पिवळी, कुंकवानं लाल, नवरीच्या डोक्यावर, नवऱ्या मुलाच्या फेट्यावर, गुरुजींच्या पोथीवर. एका म्हातारीच्या पदरात मावेल त्याच्या कितीतरी पट. लोकांना वाटलं वरून सोडायची काही सोय केलीय, टाळ्या वाजल्या. भगवानरावही टाळ्या वाजवत होते, पण त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं, कारण स्लॅब त्यांनी स्वतः उभं राहून ओतून घेतला होता आणि त्यात एक भोक नव्हतं.

व्यंकट वाकला. वाकायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, तरी वाकला. आईच्या गालाला गाल लागेल इतका खाली आला आणि त्यानं वर बघितलं.

घुमट ताठ उभा राहिला. कठड्यावर गावातली माणसं होती, दाटीवाटीनं, एकमेकांच्या खांद्यावरून वाकून, लग्न बघायला वाकतात तशी. बापूंचा फेटा येडाबिद्रा होता. आणि पूर्वेच्या मोकळ्या जागेतून एक हात बाहेर आला होता. हिरवी काकणं कोपरापर्यंत चढलेली, मूठ उघडलेली, तळवा हळदीनं माखलेला. त्या हातामागं चेहरा होता. व्यंकटनं डोळे ताणले, आणि नेमका एक दाणा त्याच्या डोळ्यात गेला. चोळून पुन्हा बघेपर्यंत हात आत गेला होता. कठड्यावर लाल काठाची दस्ती होती. ती त्यानं काढलेली नव्हती.

खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. ऋतुजानं माळ घातली होती. ती रडत होती आणि हसत होती, आणि तिच्या केसांत ज्वारी अडकली होती.

रात्रीच्या पंगती उठल्या, वरात गेली. पोरीचं काही वाकडं झालं नाही, आजही ती नांदेडात सुखात आहे, ते आधी सांगून टाकतो. विठाबाईनं पाकळ्या आणि ज्वारी झाडून ढीग केला. ज्वारीला पांढरी माती लागलेली होती, जमिनीतून उकरून काढल्यासारखी. केवळाबाई काळ्या दगडाशेजारी सतरंजीवर आडवी झाली होती, स्लॅबखाली, पंख्याखाली, एवढ्या भांड्यांच्या आदळआपटीत. गाढ झोपली होती. व्यंकटनं तिला हलवून उठवलं.

"घरी चल, आई."

"चल. आजपून माझी बाज घरात घे. आता मला कशाचं भ्या न्हाई."

 "वर ती दस्ती..." त्यानं छताकडं बोट केलं. "कुणाची जागा धरलीय तिनं?"

"माझी की," केवळाबाई पदर सारखा करत म्हणाली. "केवढी गर्दी झालीय तिथं. ऐन वक्ताला मी कुठं उभी ऱ्हाणार? पोरीला काळजी पहिल्यापास्नं."

बाज घरात आली. केवळाबाई आता स्लॅबखाली निजते, चांगली घोरते. डॉक्टरसुद्धा आत खुर्चीवर बसून तपासतो. दीपमालाला वाटतं, देव पावला.

व्यंकट मात्र लिंबाखाली निजतो. ऐन पुसाच्या थंडीत, घोंगडी घेऊन. बायकोनं विचारलं तर म्हणतो, आत उकडतंय. दुसरं काय सांगणार? आईचं लक्ष माणसांत, दस्तीकडं तिनं कुठं नीट बघितलं असणार. त्याला दिसलं होतं. कठड्यावरच्या दस्तीची घडी नव्हती. ती पूर्ण पसरलेली होती.